समान पाण्याचा ठराव

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. फार मोठी नाही, तुमच्या वर्गाच्या निम्मी. मधोमध लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडावर घंटी, शाईचा पॅड आणि आठ दिवसांपूर्वी बनवून आणलेला गोल शिक्का. टेबलाच्या पलीकडे अकरा खुर्च्या, इतक्या खेटून लावलेल्या की एकाला खोकला आला तर दोन्ही बाजूचे हलतात. त्या खुर्च्यांवर अकरा पुरुष. टेबलाच्या अलीकडे एकही खुर्ची नाही. तिथे एक बाई उभी आहे. तिच्या साडीचा काठ घोट्यापर्यंत ओला आहे, कारण सकाळचं काम उरकून ती तशीच इकडे आली आहे. दारात तिची अकरा वर्षांची मुलगी चौकटीला टेकून उभी आहे.

दिसलं सगळं? आता डावीकडून दुसऱ्या खुर्चीतला माणूस नीट पाहा. नव्या पेनाचं टोपण काढून, कोऱ्या वहीत समास आखून जो रुबाबात बसला आहे ना, तो मी.

"अनुभव?" अध्यक्षांनी बाईंना विचारलं.

"नवऱ्याच्या हाताखाली बारा वर्षं. तो गेल्यावर एकटीनं दोन."

"दाखला?"

"कशाचा?"

"अनुभवाचा."

"तुमच्या घरी सकाळी सहाला पाणी येतं की, साहेब."

"ते तोंडी झालं. लेखी काय आहे?"

मी वहीत सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, 'अनुभवाचा दाखला सादर करू शकल्या नाहीत.'

त्या बाईंचं नाव गिरजाबाई लोंढे. दारातली त्यांची मुलगी छबू. ती माझ्याच वर्गात सहावीत होती. आम्ही सगळे राहत होतो ती नगरपालिकेची वसाहत. अ, ब, क, ड अशा चार इमारती, चौसष्ट बिऱ्हाडं, सगळे नगरपालिकेचे भाडेकरू. वसाहत उतारावर होती. अ इमारत सगळ्यांत खाली, रस्त्याला लागून. ड सगळ्यांत वर. पाण्याची टाकी ड च्या मागच्या टेकाडावर. टाकीखाली एक चौकोनी खड्डा होता, त्यात चार इमारतींचे चार व्हॉल्व्ह. लांब लोखंडी दांडा घालून ते फिरवायचे की पाणी सुटायचं. हे काम करणाऱ्याला सगळे वॉलमन म्हणत. गिरजाबाईंचे यजमान धोंडीबा हे नगरपालिकेचे वॉलमन. ते वारले तेव्हा नगरपालिकेने त्यांच्या जागी माणूस नेमायचा कंटाळा केला आणि गिरजाबाईंना तोंडी सांगितलं, तुम्हीच करा तूर्त. टाकीशेजारची एक खोली त्या कामाबरोबर मिळायची. मायलेकी तिथे राहायच्या.

बाकी कशाचीच दाद नगरपालिका घेत नव्हती. जिने अंधारे, गटारं तुंबलेली, छपरं गळकी. शेवटी वसाहतीने चार मोर्चे काढले. मोर्च्यांत घागरी आणि कळश्या घेऊन बायका पुढे होत्या, घोषणा त्याच देत होत्या. आम्ही पुरुष कडेकडेने चालायचो आणि सावली पाहायचो. अखेर नगरपालिकेने हात झटकले. म्हणाली, पाणी, झाडलोट, दुरुस्ती, सगळं तुमचं तुम्ही सांभाळा. इमारती आमच्या, कारभार तुमचा.

केवढा आनंद झाला! आपला कारभार आपण करणार! लगेच मंडळ निवडलं, अकरा जणांचं. अकराच्या अकरा पुरुष. मोर्च्यात ज्यांचे घसे बसले होते त्यांच्यापैकी एकही बाई मंडळावर नाही, हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होतो. माझ्याही नाही.

अध्यक्ष झाले विनायकराव पिंगळे. अ इमारत, तळमजला. तीस वर्षं नगरपालिकेतच हेडक्लार्क होते. ज्या माणसाने तीस वर्षं आमचे अर्ज दाबून ठेवले होते, त्यालाच आम्ही टाळ्या वाजवून वर बसवलं, कारण काय, तर 'त्यांना कामकाजाची माहिती आहे.' माहिती होतीच. पहिल्या आठवड्यात गटार उपसलं गेलं नाही, पण शिक्का आला, घंटी आली, हिरवं कापड आलं आणि दारावर पाटी लागली: 'भेटण्याची वेळ ११ ते १'. पाटी मीच रंगवली होती. सचिव होतो ना.

तर त्या दिवशी त्या खोलीत वॉलमनच्या जागेसाठी मुलाखती चालल्या होत्या. जी बाई दोन वर्षं ते काम करत होती, तिची मुलाखत!

"शिक्षण?" पिंगळे.

"चौथी."

"जागेला दहावी लागते. ठीक आहे, तरी आपण संधी देतो आहोत. सांगा, दाब म्हणजे काय?"

गिरजाबाईंनी जरा विचार केला. "ड च्या तिसऱ्या मजल्यावरची तोटी फुसफुसली की दाब कमी. खणखणीत आली की बरोबर."

अकरा खुर्च्या हसल्या. मीही हसलो. दारातली छबू हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. वर्गात मी एखादं चुकीचं उत्तर फळ्यावर लिहून 'काय चुकलं ते शोधा' असं म्हणायचो, तेव्हा ती असंच बघायची.

"आणि तुम्ही ड इमारतीला रोज आधी पाणी सोडता, हे खरं?" पिंगळ्यांनी आवाज चढवला.

"व्हय. आधी ड. ते भरत आलं की क, मग ब. अ ला सगळ्यांत शेवटी, तेही अर्धंच फिरवायचं."

"का? अ मध्ये माणसं राहत नाहीत?"

"तसं नाही, साहेब. अ खाली हाय. ते सगळं वढून घेतं."

"ऐका, ऐका!" पिंगळे आमच्याकडे वळले. "हा उघड पक्षपात नगरपालिकेने इतकी वर्षं चालू दिला. आपल्या राज्यात हे चालणार नाही."

त्यांनी तिथल्या तिथे ठराव मांडला आणि मी तो लिहून घेतला: 'चारही इमारतींना एकाच वेळी, पूर्ण उघडून, समान पाणी सोडण्यात यावे.' एकमताने मंजूर. टाळ्या. मला आठवतं, 'समान' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या. पाण्याला मात्र कोणी सभेला बोलावलं नव्हतं.

जागा मिळाली पिंगळ्यांच्या पुतण्याला. शिरीष त्याचं नाव. आयटीआय केलेला, पँटला कडक इस्त्री असलेला. मुलगा वाईट नव्हता. पहिल्या दिवशी गिरजाबाई आपण होऊन त्याला खड्ड्यापाशी घेऊन गेल्या.

"बाळा, हे ड. ह्याला हळू फिरव. वर गच्चीवर—"

"मावशी, मला ठराव दिलाय लेखी," तो म्हणाला आणि त्याने चारही व्हॉल्व्ह शेवटपर्यंत उघडले.

काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. तुम्ही सहावीत आहात. आमच्या मंडळात दोन पदवीधर होते.

अ इमारतीत पाणी असं धो धो आलं की पिंगळ्यांनी अंगणातल्या झेंडूला रबरी नळी लावली. ब ला बरं आलं. क ला धार बारीक. ड मधल्या सोळा बिऱ्हाडांना नळातून फक्त हवा आली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ड च्या बायका कमरेवर घागरी घेऊन उतारावरून अ मध्ये यायला लागल्या. भरलेली घागर घेऊन चढ चढायचा, मग तीन मजले. पिंगळे कठड्यापाशी उभे राहून म्हणायचे, "एकेकीने या. चिखल करू नका."

ड मधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या हमीदाबी सर्वांत आधी मंडळाच्या खोलीत आल्या. वय साठीचं, गुडघे दुखरे, पण जीभ धारदार.

"अवो पिंगळेसाहेब, पाणी कुठं गेलं आमचं?"

"वेळ अकरा ते एक. आता सव्वाएक झालाय."

"मग तहान पण अकरा ते एकच लागायची का?"

"अर्ज करा. तीन प्रती."

"नगरपालिकेत तर दोनच घ्यायचे. तुम्ही लई सुधारणा केली की!"

हमीदाबींनी अर्ज केला. छबूने लिहून दिला होता. मंडळाने त्यावर पाहणी उपसमिती नेमली. तिघे जण ड च्या तिसऱ्या मजल्यावर गेले, नळाची तोटी फिरवून पाहिली आणि खाली आले. त्यांचा अहवाल मी वहीत उतरवून घेतला: 'तोटी सुस्थितीत आढळली.'

हसू नका. मी ते वाक्य स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली शिक्का मारला. तोही सरळ बसावा म्हणून फूटपट्टी धरून.

सहाव्या दिवशी शिरीष घाबरला. काकांना न सांगता त्याने आधी एकट्या ड चा व्हॉल्व्ह उघडून पाहिला. पण इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या त्या पाइपात हवा कोंडली होती, आणि पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंतसुद्धा चढेना. ती हवा कशी काढायची हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून शेवटी त्याने काकांना सांगितलं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांना विचारायचं म्हणजे ठराव चुकला असं कबूल करायचं. त्यापेक्षा पिंगळ्यांना एक सोपं कारण सापडलं.

"त्या बाईने जाता जाता काहीतरी करून ठेवलंय," ते सभेत म्हणाले. "कामावर नाही ती व्यक्ती टाकीशेजारी राहतेच कशी? खोली कामाबरोबरची आहे. शिरीषला ती मिळायला हवी. गुरुजी, लिहा. तीन दिवसांत खोली रिकामी करावी."

"पिंगळेसाहेब, ती बाई जाणार कुठे?" मी विचारलं. विचारलं एवढंच.

"तो या सभेपुढचा विषय नाही."

मी लिहिलं. मुलांनो, माणूस भित्रा असला की त्याचं अक्षर फार चांगलं येतं. कारण शब्दांकडे बघायचं नसतं ना, मग तो वळणाकडे बघतो.

नोटीस द्यायलाही मीच गेलो. गिरजाबाई चुलीपाशी होत्या. कागद छबूने घेतला आणि आईला वाचून दाखवला, सगळा, अडखळत नव्हती कुठेच. 'उपरोक्त' हा शब्दसुद्धा तिने बरोबर म्हटला. तो मीच शिकवला होता. वाचून झाल्यावर तिने कागदाची घडी घातली.

"गुरुजी, अक्षर तुमचंच ना?"

"हो," मी म्हणालो.

"ओळखलं मी."

गिरजाबाई म्हणाल्या, "गुरुजींला चहा दे गं." मी चहा न घेता निघालो, आणि तेवढ्यावर स्वतःला बरा माणूस समजत घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला खोलीपुढे हातगाडी उभी होती. तिच्यावर ट्रंक, दोन वळकट्या, डबे आणि धोंडीबांचा फोटो. पलीकडच्या गावात गिरजाबाईंची एक लांबची नणंद होती. तिच्या ओसरीवर पावसाळ्यापर्यंत राहता येईल असं ठरलं होतं. पुढे काय, ते ठरलं नव्हतं. छबूची शाळा तर सुटलीच होती.

मी हाक मारायला म्हणून वर गेलो होतो आणि हाक न मारता उभा होतो. इतक्यात उतारावरून मंडळ येताना दिसलं. सगळ्यांत पुढे पिंगळे, एक गाल दाढी केलेला, दुसऱ्यावर साबण वाळलेला, त्यांच्या मागे शिरीष. झालं होतं असं की शिरीष आदल्या संध्याकाळी अ चा व्हॉल्व्ह बंद करायला विसरला आणि टाकीतलं पाणी अ च्या हौदातून वाहून गटाराला गेलं. रात्री बराच वेळ वीज नव्हती, पंप बंद होता, त्यामुळे टाकी सकाळपर्यंत जेमतेम अर्धी भरली होती. एवढं पाणी चार इमारतींना पुरवायचं कसं, हे अकरा जणांना कळत नव्हतं. ड च्या हवेचं कोडं होतंच.

"बरं झालं भेटलात," पिंगळे गिरजाबाईंना म्हणाले. "निघताच आहात, तर जाता जाता एवढं दाखवून जा. ड ची हवा कुठून काढतात, आणि अर्ध्या टाकीत कोणाला किती सोडायचं. या शिरीषला समजावून द्या."

गिरजाबाईंच्या हातात स्टोव्ह होता. त्यांनी तो हातगाडीवर ठेवला. "आणि खोलीचं, साहेब?"

"ठराव झालाय. एकदा झालेला ठराव मला एकट्याला मोडता येत नाही. नियम आहे. पण हे सार्वजनिक काम आहे. चौसष्ट घरांचा प्रश्न आहे. तुम्ही काही परक्या नाही."

"परकी नाही," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला. त्या खरंच निघाल्या होत्या. ड मधल्या बायका आठ दिवस घागरी वाहत होत्या, ते त्यांना दारातून रोज दिसत होतं. त्यांनी टाकीकडे दोन पावलं टाकली.

"आई, थांब."

छबू हातगाडीच्या चाकापाशी होती. ती पिंगळ्यांकडे गेली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, वर्गात शंका विचारायला यायची तशी.

"गुरुजी, ठराव कोण मोडू शकतं?"

"छबू, मोठी माणसं बोलतायत ना," पिंगळे म्हणाले.

"मी गुरुजींना विचारतेय."

मी वही काखेत धरून उभा होतो. नगरपालिकेशी झालेला करार त्या वहीच्या पहिल्या तीन पानांवर मीच उतरवला होता. मला तो पाठ होता.

"सगळ्या रहिवाशांची सभा," मी म्हणालो. "सभेने ठरवलं तर मंडळाचा कुठलाही ठराव मोडतो. मंडळसुद्धा मोडतं."

"गुरुजी!" पिंगळे.

"सभा कोण बोलावतं? अध्यक्षच?"

"अध्यक्ष किंवा वीस रहिवासी."

"गुरुजी, पुरे! ही काय शाळा आहे?"

छबूने बोटांवर काहीतरी मोजलं. मग तिने मान वर केली.

"रहिवाशांत बायका चालतात?"

मंडळातले दहा जण माझ्याकडे बघत होते. चार मोर्चे झाले होते, निवडणूक झाली होती, करार मी स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि हा प्रश्न मला त्या क्षणापर्यंत पडला नव्हता. खात्री करायला मी वही उघडली. तिथे 'वीस प्रौढ रहिवासी' एवढंच होतं. पुरुष की बाई, काहीच लिहिलेलं नव्हतं.

"चालतात," मी म्हणालो.

"गिरजाबाई," पिंगळे घाईने म्हणाले, "मुलीला आवरा. चला टाकीकडे. खोलीचं आपण पुढच्या बैठकीत सहानुभूतीने बघू."

गिरजाबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी खोचलेला पदर सोडला, हातगाडीवरची एक वळकटी जरा बाजूला सारली आणि त्या जागेवर शांतपणे बसल्या.

छबूने माझ्या खिशातला पेन काढून घेतला. विचारलं नाही. माझ्या हातातल्या वहीचं एक कोरं पान तिने अलगद फाडलं. मग ती अकराही जणांच्या मधून वाट काढत ड इमारतीत शिरली, धावत तिसऱ्या मजल्यावर गेली आणि तिने हमीदाबींचं दार वाजवलं.